बोटीआधीचे दोन किलोमीटर

बुधवार, पुणे

"आणि गाडी कुठं ठेवणार?"

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या बॅगेत मफलर कोंबत होते. क्रूझची तिकिटं काढून तीन आठवडे झाले होते. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. जेवण कितव्या डेकवर, खोलीला खिडकी आहे की नाही, सगळं पाठ झालं होतं. गाडीचं मात्र "बघू तिथं गेल्यावर" एवढंच ठरलं होतं. दक्षिण मुंबईत "बघू" म्हणत गाडी नेणारा माणूस एक तर मंत्री असतो, नाही तर पुणेकर.

रात्री नवरा कागद घेऊन बसला. मुंबई बंदरातल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिथं ३०० हून जास्त गाड्या उभ्या राहतील, असं तेव्हाच्या बातमीत होतं. त्याला तेवढ्यानं हायसं वाटलं. मी त्याच बातमीतली पुढची ओळ वाचली. एका वेळी पाच बोटी लागणार, वर्षाला दहा लाख प्रवासी येणार. एका बोटीत दीड-दोन हजार माणसं धरली, तर त्या ३०० जागांवर आपला नंबर कधी लागायचा? तिकीट काढून देणाऱ्या एजंटला फोन केला. "ड्रॉप करा मॅडम, ठेवायच्या भानगडीत पडू नका." तासाभरानं त्याच ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. "ठेवता येईल की, तिथं विचारा." तीन रात्रींसाठी गाडी "तिथं विचारा"च्या भरवशावर न्यायची माझी तयारी नव्हती.

गाडी न नेण्याचे मार्गही होतेच. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि १० वाजून २५ मिनिटांनी सीएसएमटीला पोचते. तिथून बंदर हाकेच्या अंतरावर. पण शुक्रवारची तिकिटं वेटिंगला, आणि आईंच्या गुडघ्यांना डब्याच्या पायऱ्या नकोशा. अटल सेतूवरून मंत्रालयाला जाणारी शिवनेरी बस होती, ती नवऱ्याला पसंत होती. मला नव्हती. खरं कारण सांगायचं तर मला गाडी चालवायला आवडतं आणि अटल सेतू मी अजून चालवला नव्हता. गुडघ्यांचं निमित्त मी पुढे केलं.

शेवटी चेंबूरची मावसनणंद कामाला आली. तिच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी दोन जागा आहेत. एका रात्रीपेक्षा जास्त हवी असेल तर सेक्रेटरींना अर्ज: गाडीचा नंबर, मुक्कामाचे दिवस, कारण. क्रूझला जायचं म्हणून जागा मागितली असती तर सेक्रेटरींनी आधी तोंड वाकडं केलं असतं, म्हणून नणंदेनं कारणापुढे "आजारी नातेवाईक" असं ठोकून दिलं. परवानगी आली.

शुक्रवार, पुणे ते बॅलार्ड पिअर

सव्वासहाला निघालो. बोटीवर हजर व्हायची वेळ एक ते दोन, म्हणजे हातात सात तास. दीडशे किलोमीटरला सात तास पुष्कळ झाले, असं पळस्प्यापर्यंत वाटत होतं. एक्स्प्रेस-वे सकाळी मोकळा होता. शुक्रवारची गर्दी उलट्या बाजूनं, मुंबईहून लोणावळ्याकडे, आणि तीही संध्याकाळी. पनवेलपाशी उतरून जेएनपीटीच्या रस्त्याला लागलो की मात्र चित्र पालटतं. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मधे आपण. गव्हाण फाट्यापर्यंत आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. चिर्ल्याला सेतूवर चढलो आणि एकदम शांत.

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले १६.५ समुद्रावर. गाडीला एका वेळचे २५० रुपये फास्टॅगमधून कापले गेले. दुचाकी नाही, रिक्षा नाही. खाली ओहोटीची खाजणं, लांबवर गाळात उभ्या होड्या. पंधरा मिनिटांत शिवडी. तिथून ईस्टर्न फ्रीवेवर, आणि फ्रीवे थेट बंदराच्या ऑरेंज गेटला खाली उतरतो. नवरा म्हणाला, "साडेनऊ! आपण फार लवकर आलो."

हे वाक्य प्रवासात कधी बोलू नये.

ऑरेंज गेटला मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे. निळे पत्रे, खड्डे, एकमेकांच्या अंगावर येणाऱ्या रांगा. त्यात मी मोबाइलच्या नकाशाचं ऐकत होते. मुक्कामाच्या जागी मी इंग्रजीत नुसतंच "क्रूझ टर्मिनल, मुंबई" असं टाकलं होतं. नकाशानं आज्ञाधारकपणे वळवत वळवत आम्हाला जिथं नेलं तिथं काचा बंद असूनही गाडीत माशांचा वास आला. पुढे टेम्पो, बर्फाच्या लाद्या, टोपल्या, आणि पलीकडे गाड्यांची रांग. रांग पाहून मला बरं वाटलं. शिट्टीवाल्या माणसानं काचेवर टकटक केली.

"मांडवा ना? तिकीट दाखवा आणि डावीकडच्या लायनीत घ्या."

"मांडवा नाही, क्रूझ. गोवा."

त्यानं आमच्याकडे, बॅगांकडे आणि मागच्या सीटवरच्या आईंकडे पाहिलं. "ताई, हा भाऊचा धक्का. इथून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट जाते. तुमची मोठी बोट तिकडं, ग्रीन गेटला."

मी कपाळावर हात मारला. मागून मात्र आईंचा आवाज आला. पन्नास वर्षं पुण्यात काढलेली बाई एकदम वेंगुर्ल्याचं बोलायला लागली.

"अगो, ह्योच तो धक्को!"

लग्नाआधी त्या वेंगुर्ल्याहून मुंबईला काकांकडे आल्या होत्या त्या बोटीनं. परतताना याच धक्क्यावरून बसल्या. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत बोट वेंगुर्ल्याला पोचायची. किनाऱ्यापासून लांबच उभी राहायची. मग होडीत उतरायचं, आणि होडीतून उतरताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. "आम्हाला पोचवायला काका व्हिक्टोरियातून आले होते," आई म्हणाल्या. "घोड्याची. तिला ठेवायचा प्रश्न नव्हता." त्यांना खाली उतरून धक्का बघायचा होता. शिट्टीवाला चांगला माणूस, त्यानं पाच मिनिटं गाडी बाजूला लावू दिली. नवरा आईंना हाताला धरून कठड्यापर्यंत घेऊन गेला. समोर रो-रोच्या पोटात एकेक गाडी शिरत होती. आई बराच वेळ तेच बघत राहिल्या.

पाच मिनिटांची चाळीस झाली. कोणालाच लवकर परत यावंसं वाटलं नाही, हे खरं.

तेव्हा पहिलं सांगणं हे: नकाशात "ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट" असं टाका. नुसतं बंदर, नुसतं टर्मिनल, नुसता डॉक असं काही टाकलंत तर पी. डिमेलो रोडवर इतकी रंगीबेरंगी गेटं आहेत, की ऑरेंज, यलो, रेड करत दिवस जाईल.

बॅलार्ड इस्टेटमध्ये शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ही सगळी जमीन शंभर वर्षांपूर्वी समुद्रात भर घालून केलेली. शेजारची गोदी खणताना निघालेली माती इथं टाकली. इमारतींचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाच्याच वास्तुकाराचा, जॉर्ज विटेटचा. रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि प्रत्येक झाडाखाली गाडी. एका पे-अँड-पार्कवाल्याला सहज विचारलं. "तीन रात्री?" तो हसला. "रात्री आम्हीच इथं नसतो मॅडम." पैसे घेणारा माणूस रात्री नाही, आणि सकाळी गाडी टोइंगवाल्यांच्या आकड्याला लागली तर बोटीतून काय करणार?

ग्रीन गेटवर सीआयएसएफचे जवान, आधार कार्डं, हमाल, टॅक्सीतून उतरणारी कुटुंबं. सगळ्यांना गेटाच्या तोंडाशीच थांबायचं होतं. मागून हॉर्न. आई, नवरा, चार बॅगा आणि चालायची काठी दोन मिनिटांत उतरवली आणि मी एकटी चेंबूरला निघाले.

इथं माझा जीव खरा टांगणीला लागला. तिकीट, ओळखपत्र पर्समध्ये, पर्स शेजारच्या सीटवर, घड्याळात पावणेबारा. पुन्हा ऑरेंज गेट, पुन्हा पत्रे. पण फ्रीवेवर चढल्यावर वीस मिनिटांत चेंबूर. नणंद दारातच थालीपीठ घेऊन उभी. वॉचमननं गाडीचा नंबर वहीत लिहिला, चावी घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पेशंट कुठल्या हॉस्पिटलात?" मी "मुंबईत" म्हटलं आणि सटकले.

नणंद टॅक्सी बोलावत होती. ॲपवर गाडी यायला चौदा मिनिटं, पुढे पुन्हा ऑरेंज गेट. मी स्टेशनचा रस्ता धरला. हार्बर लाइनवरच्या चेंबूरहून सीएसएमटीची लोकल, दहा रुपयांचं तिकीट, भर दुपारी बसायला खिडकी. ही लोकल बंदराला समांतरच धावते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं: शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. ज्या रस्त्यावर तासापूर्वी मी क्लचवर पाय ठेवून घामाघूम झाले होते, तो बाजूनं निवांत मागे गेला. डॉकयार्ड रोडला क्रेनच्या माना दिसल्या.

सीएसएमटीपासून चालत गेले. जीपीओच्या घुमटापाशी वळायचं आणि वालचंद हिराचंद मार्ग धरायचा. सोलापूरच्या या माणसानं १९१९ मध्ये सिंधिया कंपनी काढून 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला पाठवली. ती निघाली तो ५ एप्रिल आपण सागरी दिन म्हणून पाळतो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. हातात बॅग नव्हती, ऊन डिसेंबरातलं होतं. वीस मिनिटं लागली. शेजारून तीन इनोव्हा आणि एक मोठी बस एकाच सिग्नलला अडकलेल्या दिसल्या. त्यातल्या एका इनोव्हातलं कुटुंब मी चेक-इनच्या रांगेत उभी असताना धापा टाकत आलं.

एक गोष्ट मनात घोळत राहिली. १९१२ मध्ये पंजाब मेल सुरू झाली ती याच बॅलार्ड पिअरवरून. विलायतेची बोट लागायची आणि साहेब धक्क्यावरूनच पेशावरच्या गाडीत बसायचा. धक्क्यावर रेल्वे स्टेशन होतं! शंभर वर्षांपूर्वी बोटीतून उतरल्यावर जे सुख होतं त्यातले दोन किलोमीटर आता आपल्याला स्वतः जोडून घ्यावे लागतात.

दोनला दहा मिनिटं कमी असताना मी आत होते. आई व्हीलचेअरवर बसून सरबत पीत होत्या.

शनिवार, मुरगाव

दुपारी बोट मुरगावला लागली. पणजी इथून तीसेक किलोमीटर, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला तिथंच जायचं होतं. गेटाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना हे ठाऊक असतंच. भाव ऐकून नवऱ्याचा पुणेरी बाणा जागा झाला. मुंबईची ॲपं इथं उघडून उपयोग नाही, गोव्यात ती चालतच नाहीत. तो दुसऱ्या दोघांबरोबर टॅक्सीनं वास्को स्टँडपर्यंत गेला आणि तिथून कदंबाच्या शटल बसनं पणजीला. झुआरीवरच्या नव्या पुलामुळे पूर्वीची कोंडी राहिली नाही. संध्याकाळी बिबिंका घेऊन वेळेच्या तासभर आधी परत. मी आणि आई वास्कोच्याही पुढे गेलो नाही. बाजारात खारवलेल्या बांगड्यांवरून एका बाईशी आईंची कोकणी-मालवणीत जी जुंपली, ती ऐकण्यासारखी होती. बांगडे बोटीवर नेऊ देतील का याचा विचार दोघींनीही केला नाही. नेऊ दिले नाहीत.

रविवार, समुद्रात

बोटीबद्दल लिहीत नाही. ते सगळे लिहितात. रात्रीच्या जेवणाला आठ जणांचं टेबल होतं आणि त्यावर समुद्राबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. विषय एकच: तुम्ही कसे आलात?

कोल्हापूरचं जोडपं सगळ्यांत हुशार निघालं. रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सीएसएमटी, बॅगा क्लोक रूममध्ये, मग मोकळ्या हातानं नाश्ता, फोर्टात खरेदी आणि साडेबाराला बॅगा घेऊन टॅक्सी. नाशिकचा दहा जणांचा गट पंचवटीनं आलेला. स्टेशनबाहेर तीन काळ्यापिवळ्या केल्या. ठाण्याचे गृहस्थ आपल्याच गाडीनं आले, पण दिवसाचा ड्रायव्हर घेऊन. त्यानं गेटावर सोडलं, गाडी ठाण्याला नेऊन लावली, सोमवारी पुन्हा आणणार. "दोन दिवसांची मजुरी गेली, पण डोकं शांत," ते म्हणाले. मला ही युक्ती सुचली नाही याचा थोडा राग आला.

न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली एक मराठी मुलगी आईवडिलांसह होती. ती उतरली मुंबई विमानतळावर, टी-टू टर्मिनलपाशीच मेट्रोत बसली आणि थेट सीएसएमटी मेट्रो स्टेशनला बाहेर आली. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत जाते. लिफ्ट आहेत, डबे गार आहेत. "अंधेरीहून तासभर टॅक्सीत बसायचं कारणच उरलं नाही," ती म्हणत होती. तिच्या वडिलांना मात्र मेट्रोपेक्षा स्टेशनबाहेर टॅक्सी मिळेपर्यंतची दहा मिनिटं जास्त लक्षात राहिली होती. इथल्या रस्त्यांवर रिक्षा नाही, हे बाहेरगावच्या माणसाला तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

आमची कथा मी सांगितली. भाऊच्या धक्क्याच्या प्रसंगाला टेबल हसलं. मग ठाण्याचे गृहस्थ हळूच म्हणाले, "आम्हीपण आधी तिथंच गेलो होतो."

सोमवार, मुंबई ते पुणे

जाताना माणसं थोडी थोडी येतात. उतरताना सगळी एकदम. साडेनऊला ग्रीन गेटबाहेर शेकडो माणसं मोबाइल कानाला लावून "अंकल, गेट के सामने" असं ओरडत होती. ॲपवरची टॅक्सी "तीन मिनिटं" दाखवायची आणि वीस मिनिटं तशीच दाखवत राहायची, कारण ती पत्र्यांपलीकडे रांगेत. उभ्या असलेल्या काळ्यापिवळ्यांनी मीटर पाडायला साफ नकार दिला. एकानं चेंबूरचे बाराशे सांगितले.

मी दोघांना भिंतीच्या सावलीत बॅगांवर बसवलं आणि दोन गल्ल्या चालत जीपीओकडे गेले. तिथं बोटीतून उतरलेलं कोणीच नव्हतं. पहिल्याच काळ्यापिवळीवाल्यानं हात केला, मीटर टाकला आणि म्हणाला, "ग्रीन गेटला गेलो तर अर्धा तास जाईल, पण म्हातारी माणसं आहेत ना? चला." म्हातारे चाचा होते, त्यांची टॅक्सी त्यांच्याहून थोडी तरुण. मुंबईत टॅक्सी हवी असेल तर गर्दीपासून दोन गल्ल्या लांब जाऊन उभं राहावं, एवढं शहाणपण मला या तीन दिवसांत आलं. चेंबूरपर्यंत फ्रीवेनं गेलो. चाचांनी सुटे परत दिले.

सोसायटीत वॉचमन खुर्चीतून उठला. गाडीवर कबुतरांनी आपली हजेरी लावून ठेवली होती. त्यानं चावी दिली आणि काळजीनं विचारलं, "पेशंट?"

टॅक्सीतून आई उतरत होत्या. डोक्यावर बोटीवरच्या दुकानातली पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी.

"ह्या," मी म्हटलं. "आता बऱ्या आहेत."

"दिसतंयच," वॉचमन म्हणाला.

परत सेतू, परत २५०. आई उजवीकडच्या खिडकीतून आपली बोट दिसते का बघत होत्या. धुक्यात पाचसहा बोटी नांगरून उभ्या होत्या, त्यातली कुठली कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. चिर्ल्याला उतरलो, कंटेनर सुरू झाले, आणि या वेळी त्यांनी रामरक्षा म्हटली नाही.

"ती धक्क्यावरची बोट," त्या म्हणाल्या. "गाड्या पोटात घेते ती. तिचं तिकीट काढा पुढच्या वेळी. मांडवा तर मांडवा."

नवऱ्यानं कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहून घेतलं.